साठीनंतर डोंगरात चालायला जाताय? या चुका टाळा

डोंगरातली सुट्टी ठरवताना साठी-सत्तरीतली माणसं हमखास एकच प्रश्न विचारतात: "चढ जमेल ना?" दम लागेल, मागे पडू, ही सगळी धास्ती चढाची. पण चढावर थांबता येतं, श्वास घेता येतो, फार तर वेळ जास्त जातो. बेत फसतो तो बहुतेकदा उतारावर. तोही पहिल्या दिवशी नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारनंतर, मांड्या थकलेल्या असताना. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की या वयात बेत उताराच्या हिशेबानं आखा. चढ त्यात आपोआप बसतो.

सराव फक्त चढायचा करणं

जिने चढायचा सराव बरेच जण करतात आणि खाली येताना लिफ्ट घेतात. नेमकं उलट हवं. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन पेलतात, प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात. सवय नसेल तर या कामानं स्नायूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त जाणवतं. पहिल्या संध्याकाळी "काहीच दुखत नाही" म्हणणारा माणूस तिसऱ्या सकाळी पलंगावरून उठताना कण्हतो, तो यामुळे.

दिलासा असा की हेच स्नायू लवकर शिकतात. एकदा उताराचा व्यायाम झाला की पुढचे काही आठवडे तोच उतार कमी दुखवतो. तेव्हा निघण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून आठवड्यातून दोनदा तरी उतार किंवा जिने उतरा. आधी रिकाम्या पाठीनं, मग प्रवासात नेणार तेवढं वजन सॅकमध्ये घालून. उताराचा शेवटचा मोठा सराव निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी संपवा. जोडीला एका पायावर उभं राहायचा सराव रोज करा, सुरुवातीला भिंतीजवळ. तोल वयाबरोबर ढासळतो, पण सरावानं सुधारतोही.

किलोमीटर मोजून टप्पे ठरवणं

"रोज बारा किलोमीटर तर मी सहज चालतो." सपाटीवर, होय. डोंगरात अंतरापेक्षा चढ-उतार महत्त्वाचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही उपयोगी आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर जवळपास चार तास. पण हा हिशेब तंदुरुस्त माणसाचा, न थांबता चालण्याचा. स्वित्झर्लंडमधल्या डोंगरवाटांवर पुढच्या ठिकाणाला लागणारा वेळ सांगणाऱ्या पिवळ्या पाट्या असतात, त्यांवरच्या वेळेतही विश्रांती धरलेली नसते. साठीपुढे त्या आकड्याची दीडपट धरा. तोच टप्पा सहा तासांचा होतो, आणि सकाळी आठला निघालात तर दोनला पोहोचता. दहाला निघालात तर चार वाजतात, आणि शेवटचा उतार नेमका थकव्याच्या वेळेला येतो.

आणखी एक. रोज नव्या मुक्कामी जायचं, असा बेत मोहात पाडतो. पण त्यात एक दिवस पाय दुखले की पुढची सगळी बुकिंग कोलमडतात, म्हणून माणूस दुखऱ्या पायानं चालत राहतो. त्यापेक्षा एका ठिकाणी तळ ठोका आणि तिथूनच रोज वेगवेगळ्या वाटांनी फिरून या. पाऊस आला, गुडघा सुजला, झोप झाली नाही, तर तो दिवस सोडून देता येतो. पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवा. अंगाला सवय नसताना हृदयावर सगळ्यात मोठा ताण पहिल्या एक-दोन दिवसांतच येतो.

कपाटातले जुने बूट

वरून नव्यासारखे दिसतात, फारसे वापरलेले नसतात, म्हणून तेच पायात घालून निघायचं. थांबा. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या सोलमधला मऊ थर पॉलियुरेथेन नावाच्या फोमसारख्या प्लास्टिकचा असतो, आणि तो हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजत जातो. न वापरता ठेवलेल्या बुटात तर जास्तच. मग एक दिवस वाटेतच सोल सुटून लोंबायला लागतो आणि तासाभरात दुसऱ्या बुटाचाही. अंगठ्यानं सोलची बाजू दाबून पाहा: भेगा दिसल्या, चुरा पडला किंवा तो चिकट लागला तर तो बूट डोंगरात नेऊ नका.

नवे बूट घेताना संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पाऊल वयाबरोबर रुंद होतं, त्यामुळे जुन्या मापावर विसंबू नका. दुकानात उतरत्या फळीवर उभं राहून बघा, बोटं पुढे टेकली तर माप लहान आहे.

चष्म्याचा विचारच न करणं

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो जवळजवळ कुणीच सांगत नाही. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. उतारावर नजर खाली जाते ती नेमकी त्या भागातून, आणि पावलापुढचा दगड धूसर दिसतो, पायरीची कड कुठे आहे ते कळत नाही. घसाऱ्यावर एवढी चूक पडायला पुरते. चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या आणि घरी आठवडाभर त्याची सवय करा. नकाशा वाचायचा चष्मा खिशात ठेवा.

"डॉक्टर, फिरायला जाऊ ना?"

असं विचारलं की "जा की, चालणं चांगलंच" असंच उत्तर येणार. नीट सांगा: रोज किती तास, किती मीटर चढ, पाठीवर किती किलो, मुक्काम किती उंचीवर, जवळचं रुग्णालय किती लांब. छातीत जडपणा, जिन्यावर नव्यानं लागणारी धाप, चक्कर, यातलं काहीही असेल तर ते लपवू नका.

गोळ्यांबद्दल तर बसून बोला. बीटा ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयासाठी दिली जाणारी, नाडी मंदावणारी गोळी) चालू असेल तर नाडीचा वेग श्रमाच्या मानानं वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाचा आकडा फसवा असतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही त्याहून खरी कसोटी. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी, अंगात पाण्याची कमतरता आणि वर गुडघेदुखीसाठी घेतलेलं आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामक, एवढं एकत्र आलं की मूत्रपिंडं धोक्यात येतात. वयाबरोबर तहानेची जाणीवही बोथट होते. म्हणून ठरावीक वेळानं दोन-चार घोट पाणी घ्याच. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, थंडीत ते अंगाशी ठेवा. सगळी औषधं दोन वेगळ्या पिशव्यांत विभागा.

विम्याची कागदपत्रं वाचताना तीन गोष्टी शोधा: उंचीची मर्यादा, आधीचे आजार आणि हेलिकॉप्टरनं सुटकेचा खर्च.

उंचीला तंदुरुस्तीनं उत्तर देणं

बेत २,५०० मीटरच्या वर जाणार असेल तर हे लक्षपूर्वक वाचा. रोज पळणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो, तंदुरुस्ती त्यापासून वाचवत नाही. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटरवरच्या ठिकाणी विमानानं थेट उतरत असाल तर पहिले दोन दिवस चालण्याचा विचारही नको. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा मद्य घेऊ नका, दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावू शकतो.

डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ, भूक नाही किंवा गळून गेल्यासारखं वाटतंय? दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीचंच समजा आणि वर जाऊ नका. बसल्या जागी धाप, असंबद्ध बोलणं, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता न येणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता त्या माणसाला सोबत घेऊन ताबडतोब खाली उतरा.

वाटेत बिनसलं तर

उतारावर गुडघा बोलू लागला की पाऊल आखूड करा, सरळ न उतरता नागमोडी उतरा, काठ्या थोड्या लांब करा आणि आधी काठ्या टेकवून मग पाय ठेवा. सॅकमधलं वजन सोबत्याला द्या. त्यात कमीपणा मानू नका. बोटं पुढे आपटत असतील तर थांबून घोट्यापाशी लेस घट्ट आवळा. टाचेला चुरचुरलं की त्याच क्षणी टेप लावा, फोड आल्यावर उपयोग नाही.

गटात सगळ्यात हळू चालणाऱ्यावर नेहमी एक अन्याय होतो. पुढचे थांबतात, बसतात, पाणी पितात. हा मागून पोहोचतो तेव्हा त्यांची विश्रांती झालेली असते, ते उठतात आणि याला न थांबता निघावं लागतं. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. त्याला वाटाड्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर ठेवा आणि थांब्याची वेळ तो पोहोचल्यापासून मोजा. परत फिरायची वेळही निघण्याआधी ठरवा, आणि घड्याळात ती वाजली की शिखर समोर दिसत असलं तरी फिरा. मदत लागलीच तर शिटी मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. मिनिटाला तीन शिट्या ऐकू आल्या की तुमचं ऐकलं गेलंय. तरी मदत प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत शिटी वाजवत राहा.