डच चित्रांतल्या कारभारणी बघताना या चुका टाळा

अ‍ॅमस्टरडॅमहून हार्लेम रेल्वेने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर. तिथल्या फ्रान्स हाल्स म्युझियममध्ये वृद्धाश्रमाच्या कारभारणींचं, म्हणजे तो चालवणाऱ्या बायकांचं, चित्रकार फ्रान्स हाल्सने काढलेलं १६६४ सालचं चित्र आहे. काळ्या पोशाखातल्या चौघीजणी आणि उजवीकडे उभी असलेली पाचवी. ‘काय खडूस म्हाताऱ्या!’ म्हणून लोक पुढे सरकतात.

पहिली चूक इथेच होते. त्यातच कुणीतरी ऐकवतं, की हाल्स याच आश्रमात खितपत पडला होता आणि त्याने असे चेहरे रंगवून सूड उगवला. गोष्ट चवदार, पण खोटी. म्हातारपणी त्याला पैशाची चणचण होती हे खरं, पण तो आश्रमात राहत नव्हता. उलट १६६४ मध्येच नगर प्रशासनाने त्याला वर्षाला २०० गिल्डर (तेव्हाचं डच चलन) बांधून दिले. शिवाय अशी चित्रं संस्थेचे कारभारीच सांगून काढून घेत. स्वतःच्या बदनामीचे पैसे कोण मोजेल?

चेहऱ्यांऐवजी हात बघा. ऐंशी ओलांडलेल्या हाल्सने ते मोजक्या फटकाऱ्यांत उभे केलेत. जवळून नुसते रंगाचे ओघळ, दोन पावलं मागे आलात की बोटं. मग बसलंय कोण आणि उभं कोण, ते बघा. बसलेल्या चौघी संस्था चालवणाऱ्या, उभी असलेली त्यांच्या हाताखालची. अधिकार असा दिसतो.

काळा रंग म्हणजे सुतक किंवा साधेपणा, हीसुद्धा गैरसमजूत. गडद, न विटणारा काळा रंग चढवणं तेव्हा महागाचं काम होतं.

सगळ्यात महागात पडलेली चूक मात्र सही न बघण्याची. युडिथ लेस्टर १६३३ मध्ये हार्लेमच्या चित्रकार-गिल्डची, म्हणजे चित्रकारांच्या व्यावसायिक संघाची, सदस्य झाली. तिची सही म्हणजे आद्याक्षरं आणि एक तारा. तरीही तिची चित्रं हाल्सची म्हणून खपली. १८९३ मध्ये अशाच एका चित्रावर तिची सही ओळखली गेली, तेव्हा कुठे तिचं नाव परत आलं.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या आत्मचित्रात ती प्रचंड पांढरी कॉलर घालून रंगवायला बसलीय. हे शब्दशः घेऊ नका, असा पोशाख घालून तेलरंगात कुणी हात घालत नाही! ती आपला व्यवसाय मिरवतेय. आणि तो व्यवसाय ती जपायचीही: १६३५ मध्ये तिचा एक शिकाऊ हाल्सकडे गेला, तर बाईंनी थेट गिल्डकडे तक्रार ठोकली.