ग्रामीण शाखेत पहिली नेमणूक मिळालेल्यांसाठी: कर्जाचा पैसा जातो कुठे ते बघा

बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा पास होऊन पहिलीच नेमणूक राळेगाव, दारव्हा किंवा मेहकरकडच्या गावात निघाली की बरीच मुलं खट्टू होतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या पट्ट्यात बँकेची कृषी अधिकारी आहे. बँकेचं अर्थशास्त्र शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. शहरातल्या शाखेत पैशाच्या वाटा एकमेकींत मिसळून जातात. इथे पिकं मोजकी, हंगाम ठरलेला आणि माणसं ओळखीची, त्यामुळे रुपया कुठून आला आणि कुठे गेला हे खात्यांवर सरळ दिसतं.

कर्जातून ठेव तयार होते आणि ठेवीतून पुढचं कर्ज, हे तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलं असेल. एखाद्या पीक कर्जावर ते पडताळून बघा. मृगाच्या तोंडावर उचललेली रक्कम थोड्याच दिवसांत कृषी केंद्राच्या चालू खात्यात दिसते. तिथून ती अकोला-नागपूरच्या ठोक विक्रेत्याकडे जाते आणि पुढे बियाणं-खतांच्या कंपन्यांकडे. ठेव तयार झालीच, पण आपल्या तालुक्यात नाही. पैशाचा पुढचा फेरा दुसऱ्याच शहरात होतो. तो गावात परततो दिवाळीनंतर, कापसाच्या चुकाऱ्यातून. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, विकलेल्या कापसाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. त्याच सुमारास रोकडीची मागणीही वाढते, कारण वेचणीची मजुरी किलोमागे ठरते आणि आठवडी बाजाराच्या आधी हातात द्यावी लागते. शाखेची रोकड या दिवसांचा अंदाज घेऊनच मागवावी लागते.

याच्या जोडीला शाखेचं कर्ज-ठेव प्रमाण बघा. मास्तरांचे पगार, पेन्शन, म्हाताऱ्यांच्या एफडी यांतून गावात ठेवी बऱ्यापैकी जमतात. त्यातलं गावात कर्जरूपाने किती फिरतं, हे त्या आकड्यात कळतं. ग्रामीण आणि निमशहरी शाखांचं हे प्रमाण देशपातळीवर किमान 60 टक्के असावं, अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा असते. गावची बचत बाहेर जाऊ नये हा विचार जुना आहे. 1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरून पतपुरवठ्याचं नियोजन सुचवलं आणि त्यातून एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर सोपवणारी अग्रणी बँक योजना आली. तुमच्या जिल्ह्याचा वार्षिक पतआराखडा त्याच वाटेने आलेला आहे. तो आणि नाबार्डचा, म्हणजे शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेचा, जिल्ह्याचा संभाव्य कर्ज आराखडा, दोन्ही रुजू होताच वाचून काढा.

आता सर्वांत महत्त्वाचं. कर्ज किती दिलं याइतकंच ते कधी दिलं याला मोल आहे. मे महिन्यात हाती पडलेला एक लाख शेतकऱ्याला रोखीने खरेदी करू देतो. तोच एक लाख जुलैच्या अखेरीस मिळाला, तर तोवर बियाणं-खत उधारीवर चढ्या भावाने आलेलं असतं, मजुरीसाठी सावकाराकडून पैसे उचललेले असतात. मग बँकेचं कर्ज पेरणीला जात नाही, देणी फेडायला जातं. आपल्या अहवालात मात्र दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. म्हणून सातबारा, आठ-अ आणि बोजाच्या (जमिनीवरच्या कर्जाच्या) नोंदीची कामं एप्रिलमध्येच उरकायला लावा. त्यासाठी तलाठ्याकडे स्वतः जावं लागलं तरी जा.

मार्चमध्ये शब्द ऐकाल 'नवं-जुनं'. जुनं कर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर केंद्राच्या सवलतीने व्याज 4 टक्क्यांवर येतं आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे ते शून्यावर येतं. ही सवलत वाचवायला शेतकरी चार-आठ दिवसांसाठी बाहेरून पैसे आणतो. त्याचा हिशेब बरोबरच असतो, त्याला नावं ठेवू नका. पण खातं नीट वाचा. डिसेंबर ते फेब्रुवारीत चुकाऱ्याचे पैसे आले का, की मार्चमध्ये एकाच दिवशी सगळी रक्कम रोख भरून दोन दिवसांत तेवढीच उचलली? दुसऱ्या प्रकारात पुस्तकात वसुली शंभर टक्के आणि शेतातून आलेला पैसा शून्य. अशी खाती गावात वाढत असतील तर पुढच्या एखाद्या कोरड्या किंवा अतिवृष्टीच्या साली ती एकदम थकतात. इतर बहुतेक कर्जं 90 दिवस थकली की अनुत्पादक (एनपीए) ठरतात, कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगामांची मुभा आहे, ती शेतीचं उत्पन्न हंगामात एकदाच येतं म्हणून. थकलेल्या शेतकऱ्याला नवं कर्ज बंद होतं आणि तो पुन्हा सावकाराच्या दारात जातो. 2008, 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्यांनी त्यातल्या अनेकांना पुन्हा उभं केलं, हे खरंच आहे, पण पाऊस आणि भाव त्यांनी बदलले नाहीत.

मला सर्वांत आशा वाटते ती बचत गटांच्या कर्जांची. नाबार्डने 1992 मध्ये गटांना बँकेशी जोडायचा हा कार्यक्रम सुरू केला. गटातल्या बाईने शेळी घेतली तर ती शेजारच्या गावच्या बाजारातून येते, पिठाची गिरणी टाकली तर दळणाचे पैसे गावातच फिरतात. रक्कम लहान असते, पण फेरा आपल्या परिसरात होतो. पीक कर्जाचं उद्दिष्ट गाठण्याच्या धावपळीत नवे अधिकारी या फायली मागे ठेवतात, याचं मला वाईट वाटतं. शेळीपालन, डाळमिल, दुधाळ जनावरं अशी प्रकरणं आली की जागेवर जाऊन पाहा, माल कोण घेणार ते विचारा आणि शिफारस स्वतःच्या शब्दांत लिहा. व्यवस्थापक बहुतेकदा तीच वाचून निर्णय घेतात.