दीड फेऱ्याच्या आसपास: जुन्या बाइकचं आयडल मिक्श्चर

जुन्या कार्बोरेटरवर बाहेरून दोन स्क्रू दिसतात. एक मोठा, स्प्रिंग लावलेला, बऱ्याचदा नुसत्या बोटांनी फिरणारा. तो आयडल स्पीडचा, म्हणजे मूठ न पिळता इंजिन ज्या वेगाने चालतं त्याचा. मूठ सोडल्यावर स्लाइड किंवा बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी झडप) किती उघडी राहायची, एवढंच तो ठरवतो. दुसरा बारका, खाचेचा, भोकात दडलेला. तो मिक्श्चरचा, म्हणजे हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाचा. थांबलं की गाडी बंद पडते म्हणून लोक मोठा स्क्रू आत पिळतात. गाडी चालू राहते आणि दुखणं झाकलं जातं. माझ्यापुढे अशी गाडी आली की मी आधी हा मोठा स्क्रू किती आत गेलाय ते बघतो. आधीच्या माणसाने काय काय खटपटी केल्यात ते तिथेच कळतं.

बारक्या स्क्रूला हात लावण्याआधी तो कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. इथे चुकलात तर पुढचं सगळं उलटं होईल. स्क्रू कार्बोरेटरच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो बहुतेक वेळा एअर स्क्रू. तो हवेची वाट कमीजास्त करतो: आत घेतला की हवा कमी, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), बाहेर काढला की लीन (पेट्रोल कमी). मिकुनीच्या जुन्या व्हीएम मालिकेत असाच असतो. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो फ्युएल स्क्रू. तो तयार मिश्रण इंजिनात किती जायचं ते ठरवतो, म्हणून बाहेर काढला की रिच, आत घेतला की लीन. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सीव्ही कार्बोरेटरात हाच असतो, आणि प्रदूषणाच्या नियमांमुळे बऱ्याच गाड्यांत त्याच्या तोंडावर पितळी टोपण ठोकलेलं असतं. ते काढायला कायद्याची आडकाठी नाही ना, हे आधी बघा. काढायचंच तर बारीक ड्रिलने फक्त टोपणाला भोक पाडायचं, त्यात छोटा पत्रा-स्क्रू बसवून ओढायचं. ड्रिल खालच्या स्क्रूपर्यंत गेलं की खाच संपली.

आता मिक्श्चर बाजूला ठेवा आणि बाकीची गाडी तपासा. एअर फिल्टर स्वच्छ, प्लग आणि त्याचा गॅप ठीक, इंजिन पूर्ण गार असताना टॅपेट (व्हॉल्व्हची फट) नीट केलेले, पॉइंटवाली (जुन्या यांत्रिक इग्निशनची) गाडी असेल तर ठिणगीचं टायमिंग जागेवर. थ्रॉटल केबलला थोडी ढील हवी. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना इंजिनाचा आवाज वाढला तर केबल ताणली जातेय. सगळ्यात जास्त दगा देतो तो कार्बोरेटर आणि हेडमधला रबरी जोड. वरून धड दिसतो, वाकवला की भेगा उघडतात. इंजिन आयडलवर असताना त्या जोडावर बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला तर तिथून फुकटची हवा शिरतेय. कार्ब क्लीनरनेही हे कळतं, पण गरम सायलेन्सरच्या पाइपाशेजारी ज्वलनशील फवारा मारणं मला पटत नाही.

मग इंजिन बंद ठेवून मिक्श्चर स्क्रू हळूच आत घ्या आणि जाताना फेरे मोजा. टेकला की थांबा. स्क्रूचं टोक सुईसारखं निमुळतं असतं; जोर लावला तर त्यावर कडं उमटतं किंवा टोक मोडून भोकात अडकतं. मोजलेला आकडा लिहून ठेवा. मी चिकटपट्टीवर लिहून साइड पॅनलच्या आतल्या बाजूला लावतो, कागद हरवतात. स्क्रू पूर्ण बाहेर काढलात तर स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग हा क्रम लक्षात ठेवा: डोक्याकडे स्प्रिंग, टोकाकडे रबर. फ्युएल स्क्रूची ओ-रिंग कडक झालेली किंवा गायब असेल तर तिथूनही हवा शिरते आणि कितीही फिरवलं तरी आयडल स्थिरावत नाही. त्या रिंगेचा बारकेपणा बघता ती आत भोकातच चिकटून राहिलेली असू शकते, टॉर्च मारून बघा.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तिथून सुरुवात करा. नसेल तर दीड फेरा बाहेर. इंजिन खरोखर गरम हवं. उभं करून तापवण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. चोक अजिबात ओढलेला नको. काम उघड्यावर करा, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. एअरकूल्ड इंजिन असेल तर समोर पंखा लावा. उभ्या गाडीचं इंजिन जास्त तापलं की आयडल आपोआप बदलतं आणि तुम्ही उष्णतेचा पाठलाग करत बसता.

मोठ्या स्क्रूने आयडल इतकं खाली आणा की गाडी जेमतेम चालू राहील. वेग जास्त असेल तर बारक्या स्क्रूचा फरक कानाला कळत नाही. आता मिक्श्चर स्क्रू पाव फेरा फिरवा आणि थांबा. दहा सेकंद तरी. इंजिन लगेच उत्तर देत नाही, आणि घाईत दुसरा पाव फेरा दिला की कुठल्या हालचालीने काय झालं तेच कळत नाही. एका दिशेने जात राहा. वेग वाढेल, एका जागी सर्वात जास्त होईल, मग पडू लागेल किंवा इंजिन अडखळेल. आता उलट जा आणि दुसऱ्या बाजूची पडण्याची जागा शोधा. या दोहोंमध्ये सर्वात जोमदार आणि एकसारखा आवाज जिथे येतो तिथे स्क्रू ठेवा. मी त्याहून किंचित रिचकडे ठेवतो. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल लागतं, पण आयडलला जुनं एअरकूल्ड इंजिन त्याहून थोड्या रिच मिश्रणावर शांत चालतं. या सगळ्यात आयडल चढलेलं असेल. मोठ्या स्क्रूने खाली आणा आणि तीच फेरी पुन्हा करा. बहुतेक सिंगल सिलिंडर गाड्यांचं आयडल १,००० ते १,४०० आरपीएममध्ये सांगितलेलं असतं.

आता मूठ झटक्यात पिळून सोडा आणि ऐका. आवाज चढला, खाली आला, जागेवर बसला तर ठीक. आवाज वरच रेंगाळला आणि सावकाश उतरला तर लीन, नाहीतर कुठेतरी हवा शिरतेय. आयडलच्याही खाली गेला, बंद पडता पडता सावरला तर रिच. मूठ उघडताच इंजिन खोकलं तर पुन्हा लीनचा संशय. खात्री करायची असेल तर गरम इंजिनावर चोक अगदी थोडा ओढा: इंजिन सुधारलं तर लीन होतं, आणखी गुदमरलं तर नव्हतं. चालवताना थ्रॉटल बंद केल्यावर सायलेन्सर फटाके मारत असेल तरी आधी लीन धरा, पण सायलेन्सरचा जोड फुटलेला असेल तरी तसंच होतं.

स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. त्याची दोन मोठी कारणं. पहिलं, पायलट जेट (आयडलला पेट्रोल पुरवणारा बारीक भोकाचा तुकडा) तुंबलेला. महिनोन् महिने उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला डिंक सगळ्यात बारीक भोकात बसतो. जेट काढून उजेडाकडे धरा, गोल स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. कार्ब क्लीनर, हवा, फार तर नायलॉनचा धागा. लोखंडी तार घातली तर भोक मोठं होतं. जेट साफ करून भागत नाही, कार्बोरेटरच्या अंगातले बारीक मार्गही फुंकावे लागतात. दुसरं कारण तोच मोठा स्क्रू. तो फार आत असला की स्लाइड इतकी वर राहते की इंजिन पायलटच्या वाटेऐवजी पुढच्या वाटेने पेट्रोल ओढतं. मग बारका स्क्रू नावापुरता. अशा वेळी आयडल खाली आणा. गाडी खाली टिकतच नसेल तर टॅपेट, टायमिंग, कॉम्प्रेशन बघा, कार्बोरेटर निर्दोष असू शकतो.

सर्वोत्तम जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत किंवा तीन फेऱ्यांच्या बाहेर सापडली तर पायलट जेटचा नंबर जुळत नाही. फ्युएल स्क्रू फार बाहेर काढावा लागत असेल तर एक नंबर मोठा जेट. एअर स्क्रू फार बाहेर काढावा लागत असेल तर एक नंबर लहान. आणि अपेक्षा बेताची ठेवा: हा स्क्रू मुख्यतः आयडल आणि पहिल्या पाव थ्रॉटलपर्यंतच बोलतो. अर्ध्या थ्रॉटलला गाडी मिसिंग करत असेल तर निडल (स्लाइडखालची सुई) बघा, पूर्ण थ्रॉटलला मेन जेट (मोठा जेट). दोन किंवा चार कार्बोरेटर असतील तर हीच पद्धत प्रत्येकाला, पण शेवटी सगळे सिंक्रोनाइज केल्याशिवाय, म्हणजे सारखे उघडतील असे जुळवल्याशिवाय, आयडल नीट बसणार नाही.