सात हेक्टर वगळले आणि पूर वाढला

पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांना माझी एक चूक सांगते. पहिल्या नोकरीत मी डिझाइन केलेली मोरी दुसऱ्याच मोठ्या पावसात तुंबली. कचरा अडकला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पाणी ओसरल्यावर आत उतरून पाहिलं, तर पाइप स्वच्छ. तो लहानच पडला होता.

पुराचा प्रवाह काढायची रॅशनल मेथड तुम्हाला येतेच: सी (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा), आय (पावसाची तीव्रता), ए (क्षेत्र) यांचा गुणाकार भागिले ३६०. क्षेत्र हेक्टरमध्ये, तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये, उत्तर क्युमेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनमीटर. फसगत होते ती पुढे. अख्खा पाणलोट धरला की सर्वांत मोठा पूर मिळणारच, असं मी धरून चालले होते.

आकडे सोपे करून सांगते. एकूण १० हेक्टर. वरचे ७ हेक्टर गवताळ, सी ०.२, खालचे ३ हेक्टर डांबर आणि छपरं, सी ०.९. सर्वांत लांबचं पाणी मोरीपाशी यायला ४० मिनिटं, म्हणून तेवढ्या वेळाची तीव्रता घेतली, ताशी ६० मिमी. सी आणि ए च्या गुणाकारांची (सी-ए) बेरीज ४.१, प्रवाह ०.६८ क्युमेक. झालं, पाइप ठरला.

आता वरचं गवत विसरा. डांबरावरचं पाणी १० मिनिटांत पोचतं, आणि तितक्याच वारंवारितेच्या १० मिनिटांच्या पावसाची तीव्रता ताशी १२०. सी-ए २.७. प्रवाह ०.९! पावसाची सर जितकी थोड्या वेळाची, तितकी ती जोरदार. गवतावरचं पाणी अजून वाटेत असतं तोवर डांबरावरचं मोरीवर आदळून गेलेलं असतं. म्हणून दोन्ही गणितं करा, मोठं उत्तर घ्या. आणि सी ची सरासरी काढून ०.४१ लिहून मोकळे होऊ नका. त्या एका आकड्यात हे सगळं दडून जातं. मी तेच केलं होतं.

पाणी पोचायला लागणारा वेळ काढायच्या किर्पिचच्या सूत्राचंही तसंच. ते १९४० चं, टेनेसीतल्या छोट्या शेतजमिनींच्या पाणलोटांवरून बसवलेलं. वाहनतळाला ते जसंच्या तसं लावणं म्हणजे आळस.

एसडब्ल्यूएमएम, एचईसी-एचएमएस ही पुराची गणितं करणारी सॉफ्टवेअर जरूर शिका, दोन्ही मोफत आहेत. पण हाताने एकदा तरी गणित केल्याशिवाय नको. तिथेही पाणलोटाचे तुकडे आपणच पाडायचे असतात. चुकीचे पाडले तरी आलेख देखणाच येतो. वरिष्ठ निवडता आला तर भर पावसात छत्री घेऊन साइटवर हिंडवणारा निवडा. माझे वरिष्ठ सही करायचे, बस्स.

घाबरू मात्र नका. कर्व्ह नंबर (जमिनीवरून किती पाऊस वाहून जाईल ते ठरवणारा आकडा), साठवण तळ्याचं राउटिंग (आत आलेलं पाणी कधी आणि किती बाहेर पडतं त्याचं गणित) हे सगळं दोन-तीन प्रकल्पांत हातात बसतं. तळ्याबाबत एवढंच बघा, की त्याने उशिरा सोडलेलं पाणी खालच्या ओढ्याच्या पुराला नेमकं गाठत नाही ना.

त्या मोरीत नंतर शेजारी दुसरा पाइप टाकावा लागला. दोघांचा व्यास वेगळा आहे, त्यामुळे माझा कुठला ते रस्त्यावरूनही ओळखू येतं.