खिशातल्या प्लेअरसाठी हेडफोन घेताना

छोट्या म्युझिक प्लेअरसाठी हेडफोन घेताना खोक्यावरचं ‘एक्स्ट्रा बास’ सोडा, मागचे बारीक आकडे वाचा. इम्पीडन्स (हेडफोन विजेला करतो तो अडथळा) 16 ते 32 ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (थोड्या विजेवर किती मोठा आवाज येतो ते) 100 डेसिबलच्या आसपास असेल, तर प्लेअरच्या इवल्याशा ॲम्प्लिफायरवरही आवाज मोकळा येतो. 250 ओहमचे स्टुडिओ हेडफोन त्यावर दबकेच वाजतात. इअरफोन घेणार असाल तर रबरी टिप्सचे दोन-तीन आकार सोबत हवेतच. टिप कानात घट्ट बसली नाही की बास गायब होतो आणि बोल मात्र हेडफोनला लागतो. वायर बहुधा पिनपाशीच तुटते, त्यामुळे काढता येणारी वायर मिळत असेल तर शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. प्लेअरला 3.5 मिमीचा जॅक आहे ना, तेवढं आधी बघा.