सगळंच आवडतं, मग करिअर कुठलं? या चुका टाळा

दहावीचा रिझल्ट लागला की आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरी दोन-तीन तरी आईबाप पोराला घेऊन येतात. मी काही काउन्सिलर नाही, मकरपुऱ्यात एका कारखान्यात क्वालिटीला आहे, पण संध्याकाळी मुलांना मॅथ्स शिकवतो म्हणून येतात. आणि बोलणं ठरलेलं, "काका, याला तबला पण आवडतो, चित्रं पण आवडतात, कम्प्युटर तर आहेच, आणि परवापासून म्हणतोय शेफ व्हायचंय, आता काय करायचं सांगा." पोरगा बिचारा मान खाली घालून बसलेला, जसं काही त्याने चोरीच केलीय. मला फार वाईट वाटतं ते बघून, कारण मी स्वतः असाच होतो आणि माझी चार-पाच वर्षं वाया गेली, ती आवडी जास्त होत्या म्हणून गेली असं घरचे म्हणायचे, पण मला आज विचाराल तर ती पुढच्या चुकांमुळे गेली.

"यातली खरी आवड कुठली?" हे शोधत बसणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. मुलं चार आवडी समोर मांडतात आणि कुठली नंबर एक ते ठरवायला बघतात, वर्ष जातं, ठरत काही नाही. अरे, आवडीचं नाव बाजूला ठेवा ना, त्यात तुम्हाला नेमकं काय करायला आवडतं ते बघा.

एक मुलगी यायची माझ्याकडे, तिला रांगोळी, केक आणि केमिस्ट्री असं तिन्ही आवडायचं. मी तिला वही दिली आणि सांगितलं की पंधरा दिवस रोज लिही, यातलं काही करताना वेळेचं भान कधी गेलं आणि कंटाळा कधी आला. तर निघालं काय, रांगोळीत रंग भरायचा तिला कंटाळा, ठिपके मोजून आकृती बसवायला आवडतं. केकवर सजावट करायचा कंटाळा, पण मैदा वीस ग्रॅम कमी करून परत भाजून बघायला आवडतं, आणि गेल्या वेळी काय झालं होतं ते तिने लिहूनही ठेवलेलं. म्हणजे तिन्ही ठिकाणी आवड एकच, मोजायचं, एक गोष्ट बदलायची, काय होतं ते बघायचं. हे कळल्यावर बेकरी काढायचा विषय आपोआप संपला, कारण गिऱ्हाइकाशी बोलणं तिला नकोच होतं. ती गेली एम. एस. युनिव्हर्सिटीत फूड्स अँड न्यूट्रिशनला, आपले जुने लोक ज्याला अजून होम सायन्सच म्हणतात तिथे.

दरवेळी इतकं स्वच्छ निघत नाही हे मान्य. पण वही लिहिल्याशिवाय तर काहीच निघत नाही, आणि एका दिवसाच्या करिअर टेस्टमध्ये जो रिपोर्ट मिळतो त्यापेक्षा पंधरा दिवसांच्या वहीवर माझा जास्त भरवसा आहे.

सगळे रस्ते उघडे राहावेत म्हणून एबी ग्रुप घेणं

आपल्या गुजरात बोर्डात अकरावी-बारावी सायन्सला ए ग्रुप म्हणजे मॅथ्स, बी म्हणजे बायोलॉजी आणि एबी म्हणजे दोन्ही. बऱ्याच आवडी असलेल्या मुलांना एबी एकदम सुरक्षित वाटतो. ज्याला खरंच दोन्ही झेपतं त्याने जरूर घ्यावा, पण नुसतं ठरवता येत नाही म्हणून घेतला तर दोन वर्षं ट्यूशनमध्येच जातात, तबला बंद, ड्रॉइंग बंद, आणि इंजिनिअरिंगची जेईई आणि मेडिकलची नीट, दोन्हीकडे अर्धवट तयारी. ज्या आवडी वाचवायला हे सगळं केलं त्याच पहिल्या मरतात.

आधी हे बघा की कुठला दरवाजा खरंच बंद होतो. मॅथ्स सोडलं तर इंजिनिअरिंग जवळजवळ गेलं. बायोलॉजी सोडलं तर मेडिकल अवघड, पण 2023 पासून बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून देऊन नीटला बसता येतं, त्यामुळे तेही अगदी कुलूपबंद नाही. बाकी लॉ, सीए, एनआयडीची डिझाईनची एन्ट्रन्स, या सगळ्यांना कुठल्याही स्ट्रीमचा मुलगा बसू शकतो. म्हणजे भीती वाटते त्याच्या निम्मीसुद्धा दारं बंद होत नाहीत, हे पालकांना कागदावर लिहून दाखवलं की घरातलं वातावरणच बदलतं.

कोर्स गोळा करणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात मी एकाच वर्षी फोटोग्राफी, ॲनिमेशन आणि जर्मन असे तीन क्लास लावले. ॲनिमेशनवाल्या इन्स्टिट्यूटने सगळी फी आधीच घेतली होती, मी चौथ्या महिन्यात सोडलं आणि एक रुपया परत मिळाला नाही, ते पैसे आईने भिशीतून काढलेले होते. आजही आठवलं की पोटात तुटतं.

नंतर नीट विचार केला तेव्हा कळलं की मी प्रत्येक गोष्ट तीन-चार महिन्यांनीच सोडत होतो. सुरुवातीला रोज नवीन काहीतरी येतं म्हणून मजा येते, मग एक टप्पा असा येतो की तेच तेच घोटायचं असतं आणि प्रगती दिसत नाही, नेमकं तिथे दुसरी आवड जास्त चमकायला लागते. तबल्यात हे स्वच्छ दिसतं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना प्रारंभिक, प्रवेशिकेपर्यंत वर्ग भरलेला असतो आणि मध्यमा आली की गळती सुरू. काहींना तबला खरंच नको असतो, पण बऱ्याच जणांना फक्त कायद्याचे (म्हणजे तबल्यातल्या ठरलेल्या बोलांच्या रचनेचे) पलटे घोटायचा कंटाळा आलेला असतो, आणि या दोन्हीत फार फरक आहे.

यावर माझा उपाय साधा आहे. सोडावंसं वाटलं की लगेच सोडू नका, अजून तीन महिने करा आणि त्या काळात नवीन काही सुरू करू नका. तरीही नकोसं वाटलं तर बिनधास्त सोडा. आणि फी भरताना हप्त्याने भरता येते का, मधेच सोडलं तर किती परत मिळते, ते लेखी घ्या.

सगळ्या आवडी एकाच नोकरीत बसवायचा हट्ट

"मला अशी नोकरी हवी जिथे संगीत, कोडिंग आणि प्रवास तिन्ही असेल." असेलही कुठेतरी, पण बावीसाव्या वर्षी पहिल्याच नोकरीत ती मिळेल म्हणून घरी बसणं बरोबर नाही.

दादासाहेब फाळके आठवा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते 1890 साली आपल्या बडोद्यात कलाभवनला आले, तेच कलाभवन जिथे आज युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे. चित्रकला आणि फोटोग्राफी त्यांनी इथे केली, मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पुढे पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन झाले, मग छपाईचा धंदा, मधे जादूचे प्रयोगसुद्धा. 1913 साली त्यांचा पहिला मूकपट आला तेव्हा कॅमेरा, रंग, रसायनं, ट्रिक हे सगळं हाताला लागलेलं होतं. बडोद्यात शिकत होते तेव्हा सिनेमा नावाची गोष्टच लोकांसमोर आलेली नव्हती, म्हणजे प्लॅन करून हे जमवता आलंच नसतं. ते एकामागून एक काम करत गेले आणि प्रत्येक कामात पोटापाण्याइतके खोल उतरले. सगळे फाळके होणार नाहीत, पण एका वेळी एक हा क्रम कुणालाही जमतो.

प्रत्येक आवडीतून पैसे काढायला बघणं

गणपतीच्या मूर्ती छान करतेस तर ऑर्डर घे, फोटो छान काढतोस तर लग्नं घे, असं चांगल्या मनानेच सगळे सांगतात. घ्या, पण एक तरी आवड पैशापासून लांब ठेवा. माझा तबला भजनी मंडळापुरताच आहे आणि दिवसभराच्या रिजेक्शन रिपोर्टनंतर मला तोच उभा करतो.

आणि आधीच चुकलंय, वय सत्तावीस आहे, तर?

तर नोकरी सोडू नका. राजीनामा देऊन "स्वतःला शोधायला" बसलेल्या दोघातिघांना मी जवळून पाहिलंय, चार महिन्यांत बचत संपते आणि मग मिळेल ती नोकरी घ्यावी लागते, पहिलीपेक्षा वाईट. आधी नोकरीचं कुठलं अंग नकोय ते वेगळं करा, काम नकोय, साहेब नकोय, की मकरपुऱ्याची शिफ्ट नकोय? शिफ्ट नको असेल तर त्यासाठी फील्ड बदलायची गरज नसते.

काम नको असेल तर ज्या फील्डमध्ये जायचंय तिथल्या माणसाबरोबर चार-पाच रविवार बसा, सेव उसळ खाऊ घाला आणि त्याचा साधा सोमवार कसा जातो ते विचारत राहा. मग शिक्षणाचं बघा. यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 पासून एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिलीय, दोन्ही कॉलेजात जाऊन करायच्या तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, नाहीतर एक रेग्युलर आणि एक डिस्टन्स किंवा ऑनलाइन. नोकरीवाल्याला एकच डिस्टन्स पुरते. फक्त फॉर्म भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा, तुमच्या युनिव्हर्सिटीने दोन डिग्र्यांचा नियम स्वीकारलाय का, आणि डिस्टन्सचा तो कोर्स यूजीसीच्या मान्य यादीत आहे का. फोनवर "हो हो, चालेल" म्हणाले तरी ईमेलवर उत्तर मागून घ्या.