निरोपाची चिनी कविता कशी वाचावी

चीनच्या थांग राजवटीच्या काळातील निरोपाची कविता वाचायला शिकायचे असेल, तर आठव्या शतकातील वांग वेई या कवीने सरकारी कामगिरीवर आन्शी या दूरच्या पश्चिम सीमेवरील ठाण्याला निघालेल्या युआन नावाच्या मित्रासाठी लिहिलेल्या चार ओळींपासून आरंभ करावा. प्रत्येक ओळीत 7 अक्षरे, म्हणजे सारी कविता 28 अक्षरांची. प्रत्येक ओळीत चौथ्या अक्षरानंतर किंचित थांबून ती मोठ्याने वाचावी.

पहिल्या दोन ओळींत केवळ वेईच्छंग येथील सकाळचा पाऊस, बसलेली धूळ आणि हिरवी वाळुंजाची झाडे आहेत. ही झाडे शोभेसाठी आली आहेत असे समजून पुढे जाऊ नये. वाळुंज या अर्थाचा ‘लिउ’ हा शब्द ‘थांबणे’ या अर्थाच्या शब्दाशी उच्चाराने जुळतो, म्हणूनच निरोप देताना त्याची डहाळी मोडून देण्याची प्रथा होती. तिसऱ्या ओळीत आणखी एक प्याला घेण्याचा आग्रह येतो आणि चौथीत त्याचे कारण: यांग खिंडीच्या पश्चिमेला जुना मित्र कोणी भेटणार नाही. दुःखाचा शब्द कुठेच नाही. अनुवाद करताना तो आपण घालू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यानंतर पुनर्भेटीच्या कवितेसाठी त्याच काळातील कवी तू फू वाचावा. वीस वर्षांनी भेटलेल्या मित्रांची तुलना तो कधीही एकत्र न दिसणाऱ्या दोन ताऱ्यांशी करतो. आपल्याकडील मृग आणि ज्येष्ठा आकाशात आठवून पाहिल्यास ती ओळ लगेच उलगडते.